खांद्यावरचे टाके

लग्न होऊन मी साकाता बंदरातून गास्सान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावात आले, तेव्हा मला धड बटणही लावता येत नव्हतं. माहेरी सुक्या मासळीचं दुकान. मासळी निवडायला, बांधायला, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायला मी पटाईत होते. सुईशी ओळख मात्र बेताचीच.

युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. इथे हिवाळाभर पुरुष मजुरीला बाहेरगावी जायचे, माझे यजमानही; म्हणून डोंगरातलं सरपण बायकाच आणायच्या. बर्फावरून घसरगाडी ओढायची, दोर खांद्यावरून तिरका छातीवर घ्यायचा. दोराखाली जाड बंडी नसली, तर पहिल्याच खेपेला कातडं सोलवटून निघायचं. बंडी जिची तिनेच शिवायची, असा रिवाज. कापडाचे थर एकावर एक ठेवून सगळीकडून धावदोरा घालायचा, निळ्यावर पांढरा. याला आम्ही साशिको म्हणतो.

मला शिकवायचं काम सासूबाईंनी वन्संवर सोपवलं. वन्संचं नाव किसा. त्यांचे यजमान सेइकिची मांचुरियात लढायला गेले ते परतलेच नव्हते. मेल्याचा निरोप नाही, जगल्याचाही नाही. सासरी कुणी उरलं नाही म्हणून वन्सं नदीपलीकडचं घर बंद करून माहेरी आल्या होत्या. जिभेने तिखट. पहिल्या दिवशी माझे टाके बघून त्या म्हणाल्या, "तोमिए, हे शिवलंयस की कोंबडी चालून गेलीय?"

मी सुई एकेक टाका घालत पुढे नेत होते. त्यांनी ती काढून घेतली. तळव्याशी चामड्याची पट्टी बांधून सुईचं बूड तिच्यावर टेकवायचं आणि सुई स्थिर ठेवून कापडच वरखाली हलवायचं. कापड चुण्याचुण्यांनी सुईवर गोळा झालं, की मग दोरा एकदम ओढायचा. मला ते जमल्यावर इतका आनंद झाला, की मी दोरा कचकन ताणला. सगळं कापड आक्रसून वाळक्या मुळ्यासारखं झालं.

"ओढायचं डोंगरात. इथे नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी अंगठ्याने दाबत दाबत दोरा मोकळा केला. मग रेघ जिथे वळते तिथे मागच्या बाजूने दोऱ्याचा लहानसा वळसा सैल सोडायला शिकवलं. कापड धुतलं की आटतं, अंग वाकलं की ताणतं. दोऱ्याला जागा ठेवली नाही तर तो तुटतो.

शेगडीभोवती बसून आम्ही शिवायचो. सासूबाई मुळ्याचं लोणचं कापता कापता आमची भांडणं ऐकायच्या आणि गालात हसायच्या. बाहेर बर्फ खिडकीच्या वर चढलेला असायचा. ते दिवस आठवले की मला आधी कापडातून दोरा जातानाचा आवाज आठवतो, मग माणसं.

बंडीचे दोन थर झाले. खांद्याला तिसरा हवा होता आणि कापड कुठेच मिळत नव्हतं. मी माझा परकर फाडायला काढला, तर वन्सं म्हणाल्या, हे विरलेलं आहे, दोर याचा पिठासारखा भुगा करील. त्या उठून आत गेल्या आणि येताना सेइकिचींचा निळा कोट घेऊन आल्या. दरवर्षी उन्हाळ्यात त्या तो वाळवायच्या आणि पुन्हा पेटीत ठेवायच्या, हे मी सासूबाईंकडून ऐकलं होतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "किसा, राहू दे गं. तो आला तर?"

"माणूस यायचा असेल तर कोट बघून येत नाही, आई," वन्सं म्हणाल्या. "हिचा खांदा मात्र याच हिवाळ्यात सोलणार."

पाठीचा चांगला तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला. कात्री थांबली नाही. त्या दिवशी माझे टाके वाकडे गेले तरी त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा जड गेलं.

ती बंडी घालून मी दोन हिवाळे सरपण ओढलं. दुसऱ्या हिवाळ्यानंतर बर्फ वितळून भाताची रोपं लावायच्या सुमारास सेइकिची परत आले. सैबेरियात युद्धकैद्यांच्या छावणीत होते. दारात उभा राहिलेला तो वाळका, दात पडलेला माणूस कोण, हे मला कळणं शक्यच नव्हतं; मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. वन्संनी चिखलाच्या हातांनीच त्यांना धरून आत आणलं.

जेवताना ते हळूहळू बोलायला लागले. माझा निळा कोट आहे ना गं, असं त्यांनी विचारलं. वन्संनी वाटी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, की कापला, वहिनीच्या बंडीत घातला.

मी बंडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "भावोजी, मी आजच उसवते. तुकडा चांगला आहे अजून."

त्यांनी ती उलटीसुलटी केली. दोराने घासून खांद्यावर चकाकी आली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. "काय ओढता हिच्यावर?"

"सरपण."

त्यांनी बंडी घडी करून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "आम्हीही तिथे लाकडंच ओढायचो. उघड्या खांद्याने. उसवू नका वहिनी. माझा कोट एवढ्या कामाला आला, मला बरं वाटलं." मग वन्संकडे वळून म्हणाले, "पण या हिवाळ्यात मी काय घालू, ते सांग."

वन्सं तेव्हा पहिल्यांदा रडल्या. रडतच म्हणाल्या, "आधी अंगावर मांस चढू दे. या मापाचं शिवलं तर पोराचा सदरा होईल."

भाताची कापणी झाल्यावर ती दोघं नदीपलीकडच्या घरी राहायला गेली. नवा कोट वन्संनी तिथेच शिवला. मला मागून कळलं, की सेइकिची त्यांच्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचे. हात थरथरायचे म्हणून एक सुई ओवून होईपर्यंत चहा थंड व्हायचा. वन्सं वाट बघायच्या. त्या बाईने वाट बघताना तोंड बंद ठेवलं, हे ऐकून सासूबाईंना खरंच वाटेना.

इकडे घर फार शांत झालं. भांडायला कुणी नाही, म्हणून सासूबाई कुरकुर करायच्या. मी एकटी शेगडीपाशी शिवायचे आणि टाके नीट आले तरी ते दाखवायला कुणी नसायचं.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. वन्सं आणि भावोजी नदी ओलांडून शुभप्रसंगी करतात तो लाल चवळीचा भात घेऊन आले. वन्संनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि म्हणाल्या, "पकड चांगली आहे. हिला आईसारखं उशिरा शिकवू नकोस." मग आम्ही सगळे जेवायला बसलो. भात थोडा जास्तच शिजला होता. तरी सगळ्यांनी तो पुन्हा वाढून घेतला.