वुकानला बसवले त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात बास्केटबॉलचा हॉल आहे, त्याच्या मागच्या अंगाला अक्रोडाच्या झाडाखाली मी पडून असतो. माझा एक पाय कुजला आहे. पूर्वी मी आत, मैदानाच्या कडेला होतो आणि आमच्या संघाचे राखीव खेळाडू माझ्यावर बसत.

गावच्या सुताराने मला घडवले. हॉलमध्ये ठेवताना तो म्हणाला होता, "बसणाऱ्याची पाठ दुखली तर मला शिव्या द्या. संघ हरला तर प्रशिक्षकाला द्या." त्यातले दुसरे गावाने फारच मनावर घेतले. चार सामने हरले की प्रशिक्षक बदलायचा, अशी आमच्या गावाला खोडच लागली. एकाचे वजन ओळखीचे होईपर्यंत दुसरा येऊन बसे. बाहेरून आणलेले खेळाडूही आले तसे गेले. शेवटी संघ तळाला जाऊन रुतला आणि यायला कोणी तयार होईना, तेव्हा लुबिंको सर आले.

सरांचे गुडघे गेलेले होते आणि तोंडात सदा एक काडी असे. त्यांनी गावातलीच पोरे गोळा केली आणि पहिल्याच संध्याकाळी सांगितले, "चुकलात म्हणून मी कुणाला बाकावर बसवणार नाही. पण मोकळा शॉट मिळाला आणि घाबरून मारला नाहीत, तर बसवीन. मग आईला घेऊन या, तरी उठवणार नाही."

सुरुवातीला आम्ही हरत राहिलो. आमच्याकडे लोक सामना बघताना सूर्यफुलाच्या बिया खातात आणि संघ हरू लागला की टरफले माझ्या दिशेने येतात. हॉल झाडणाऱ्या देसांकाताई वैतागून सरांना म्हणायच्या, "लुबा, तुझी पोरं हरतात ती हरतात, वर लोक रागानं बिया दुप्पट खातात. माझी कंबर मोडली."

"पुढच्या वर्षी कमी खातील, ताई."

"मागचा मास्तरही हेच सांगून गेला."

सर्वांत जास्त माझ्यावर कोण बसले असेल, तर वुकान. पाववाल्याचा हा मुलगा हाताने लांब आणि मनाने भित्रा होता. चेंडू हातात आला की चटका बसल्यासारखा दुसऱ्याला देऊन टाकी. पहिला हिवाळा त्याने जवळजवळ माझ्यावरच काढला. एकदा सर त्याच्याशेजारी येऊन बसले.

"का नाही मारलास?"

"चुकला असता, सर."

"चुकू दे ना. तुझ्या बापाचा पाव कधी करपत नाही का? म्हणून तो भट्टी विझवून घरी बसतो?"

वुकान हसला. मग तो मारू लागला. चुकला की धास्तावून माझ्याकडे बघे, आणि सर काडी चावत छताकडे बघत. हळूहळू त्याने माझ्याकडे बघणे सोडले. त्याचे बघून बाकीचेही सुटले. तिसऱ्या वर्षी आम्हाला हरवणे कठीण झाले. माझ्यावर आता फक्त दमलेली पोरे बसत. क्लबचे अध्यक्ष स्रेतेन यांनी मला निळा रंग दिला. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मग शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात, हरलो तर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पुढे होतो. अखेरीला वुकानचे शॉट चुकू लागले. एक गेला, दुसरा गेला. मागून स्रेतेन वाकले आणि सरांच्या कानाशी म्हणाले, "काढ त्याला, लुबा. इतकी वर्षं मी तुझं ऐकलं, आज तू माझं ऐक."

सर काडी चावत राहिले. वुकानने पुन्हा शॉट मारला, पुन्हा चुकला, आणि समोरचे एका गुणाने पुढे गेले. सारा हॉल ओरडू लागला, "बसव त्याला!" हरण्याच्या वर्षांत सर कधी डगमगले नव्हते, कारण तेव्हा गमावण्यासारखे काही नव्हते. आता होते. ते उठले.

"वुकान, ये बाहेर."

"मी दमलो नाही, सर."

सरांनी मान वळवली. वुकान येऊन माझ्यावर बसला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "मी घाबरलो होतो का, सर?"

सर छताकडे बघू लागले. मैदानावरच्या पाचही जणांनी मात्र सारे पाहिले होते. शेवटचा डाव आमचा होता. चेंडू कोपऱ्यातल्या पोराकडे गेला. समोर कोणी नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि चेंडू दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने तिसऱ्याला दिला. कप्तानानेही देऊन टाकला. चेंडू फिरत राहिला आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा तो कुणाच्या तरी हातातच होता. कुणी शॉट मारलाच नाही.

त्यानंतर गावाने जुनी खोड पुरी केली. सरांना काढले. पोरे पांगली. वुकान बापाच्या भट्टीवर पाव भाजतो, चेंडूला हात लावत नाही. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी बाहेर आलो. पाऊस पडतो, बर्फ पडतो, निळा रंग पोपडे धरून गळतो. मला पुन्हा आत नेतील असे आता वाटत नाही.

बाजारच्या दिवशी लुबिंको सर येतात आणि माझ्या एका टोकाला बसून राहतात. परवा देसांकाताई झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "हरलास म्हणून इतकं काय लावून घ्यायचं, लुबा?"

"हरलो म्हणून नाही, ताई. घाबरलो मी. आणि घाबरला की बसायचं, हा नियम माझाच होता."

मित्रांनो, तुमच्या मैदानाच्या कडेलाही माझ्यासारखा एखादा बाक असेल. त्याला पावसात टाकू नका. आणि केवळ चुकला म्हणून कुणाला त्याच्यावर बसवू नका, एवढीच माझी विनवणी आहे.

आज बाजार आहे. सर येतीलच. त्यांना 'ऊठ, जा खेळायला' म्हणणारे मात्र आता कोणी नाही.