पोथीतलं जास्तीचं पान

छप्पन सालचा चातुर्मास. चिंचवड गावठाणातल्या मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी पोथी चालायची. वाचणारे अर्जुनराव. दिवसभर पिंपरीच्या कंपनीत फिटरचं काम करायचं, सायकल हाणत घरी यायचं, हातपाय धुवून पाटावर बसायचं. पण वाचायचे कसे? गिरणीत ज्वारी पडावी तसे! धडधड धडधड, ओवीवर ओवी. शब्द कुठं संपला, अर्थ कुठं सांडला, पत्ता नाही. बाया वाती वळायच्या, म्हातारे पेंगायचे आणि ओवी संपली की सगळे एका सुरात म्हणायचे, "हरी विठ्ठल!"

पंधरा वर्षांत अर्जुनरावांनी ती पोथी किती वेळा संपवली, त्याचा त्यांना भारी अभिमान होता. आत काय लिहिलंय, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्याच दिवसांत स्टेशनामागच्या झोपड्यांत देवीची साथ आली. दोन लेकरं दगावली. गावात दवंडी पिटली: उद्या सकाळी चावडीवर देवीडॉक्टर येणार, सगळ्यांनी लेकरं टोचून घ्यावीत.

अर्जुनरावांच्या घरात आठ महिन्यांची नात होती, सरू. तिची आई दुर्गाबाई सासऱ्यांपुढं पदर सावरून उभी राहिली.

"मामंजी, उद्या सरूला चावडीवर नेऊ का?"

"कशाला? देवी म्हंजे आई. तिच्या वाटेत सुई घेऊन उभं राहायचं? कोपली म्हंजे?"

"पण मामंजी, झोपड्यांतली दोन लेकरं..."

"दुर्गे, वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडू नये, असं पोथीत लिहिलंय. रोज बसतीस ना ऐकायला?"

दुर्गाबाई आत वळली. पण डोळे काही गप्प बसेनात. हे सगळं शेजारच्या ओट्यावर दाढी करत बसलेल्या चिमाजीनं ऐकलं.

हा चिमाजी म्हणजे एक नंबरचा खोड्याळ. कंपनीत पाट्या रंगवायचा. एकदा त्यानं मुकादमाच्याच खुर्चीवर 'येथे झोपू नये' असं सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं. तोंडभर देवीचे वण. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसा लेको. देवीनं ठोकून बघितलं, पण पत्रा जाड निघाला!"

आज मात्र त्याला हसू आलं नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून तो घरात गेला आणि त्यानं दौत-टाक काढला.

पोथी जुनी, हातानं लिहिलेली, सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. संध्याकाळी चिमाजी देवळात सगळ्यांच्या आधी हजर. "आज पाट मी मांडतो," म्हणाला. मांडला. पोथीचं एक पान टोपीत गेलं, टोपीतलं एक पान पोथीत आलं.

वाचन सुरू झालं. गिरणी चालू. तीन पानं गेली, आणि अर्जुनराव त्याच सुरात, त्याच वेगात वाचू लागले:

"ऐका श्रोते सावधान । उद्या चावडीवर जाऊन । लेकरांचे दंड टोचून । घ्यावे अवघ्यांनी ॥"

"हरी विठ्ठल!" सगळी मंडळी म्हणाली.

"अर्जुनराव वाचिती पान । परि रानात फिरते मन । पोरीचा जाईल प्राण । तरी ना कळे तयां ॥"

"हरी विठ्ठल!"

कुणाच्या भुवया हलल्या नाहीत. वाचणाऱ्याच्याही नाहीत! फक्त दुर्गाबाईचा वात वळणारा हात थांबला.

"मामंजी," ती उभी राहिली, "ते पान परत वाचा."

"आं? पोथी मधीच थांबवत न्हाईत!"

"सून म्हणून नव्हं, ऐकणारी म्हणून विचारते. आज्ञा पाळायची म्हंजे आधी ती नीट कळाया नको का?"

आता देवळात सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? अर्जुनराव परत वाचायला लागले, जरा हळू. 'चावडी' आली, आवाज अडखळला. 'अर्जुनराव' आले, आणि तोंड उघडंच राहिलं! मागून एक म्हातारा खुदकन हसला. मग सगळं देऊळ हसलं.

"चिम्या!" अर्जुनराव कडाडले. "हे अक्षर तुझंच! देवाच्या पोथीत खोटं पान? पाप लागंल!"

"लागू दे. नाक घासंन मी मारुतीपुढं," चिमाजी उठला. "पण एक सांगा राव. माझं खोटं पान तुमाला खऱ्यावानीच लागलं. मग इतकी वर्सं खरी पानं तुमाला कशी लागली असतील?"



चिमाजीनं टोपीतलं पान काढून पुढं धरलं. "हे खरं. वाचा. पर हळू."

अर्जुनरावांनी पान हिसकावून घेतलं. पण माणूस खरा होता, वाचू लागला. त्यात एका राजाची गोष्ट होती. ऋषींनी त्याला सांगितलं, 'नदीला पूर येईल, काठाला बांध घाल.' राजानं बांध घातला नाही. नदीची पूजा केली, ऋषींना हार घातला. पूर आला आणि राजाचं लेकरू वाहून गेलं. रडणाऱ्या राजाला ऋषी म्हणाले, 'मला हार घातलास, माझं ऐकलं नाहीस.'

ही गोष्ट अर्जुनरावांनी दरसाल वाचली होती. आज पहिल्यांदा ऐकली!

चिमाजी हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरी बी आरत्या झाल्या, लिंबाचा पाला टांगला. भक्ती कमी नव्हती राव. मी वाचलो, माझी भईण गेली. सरूएवढीच होती."

"पण देवी कोपली तर?" अर्जुनरावांचा आवाज अगदी लहान झाला होता.

उत्तर दुर्गाबाईनं दिलं. "लेकरू वाचवलं म्हणून कोपंल, ती आई कसली मामंजी?"

अर्जुनरावांनी पोथी बांधली. पान अर्धं राहिलं होतं, तरी बांधली! उठले, म्हणाले, "उद्या पहिला नंबर माझ्या सरूचा. अध्याय नंतर. आधी बांध घालायचा!"

सकाळी चावडीवर अर्जुनराव नात खांद्यावर घेऊन उभे. कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. डॉक्टरानं सरूचा दंड धरला, तशी पोरीनं टाहो फोडला, आणि आजोबांनी डोळे गच्च मिटले.

"अहो, टोचतायत पोरीला!" चिमाजी ओरडला. "तुमी का डोळे मिटताय?"

पोथीवाल्यांनी नात टोचून घेतली म्हटल्यावर मागची रांग वाढतच गेली. सरूला दोन दिवस ताप आला, दंडावर फोड उठला, आणि मग पोरगी पुन्हा आजोबांच्या मिशा ओढायला लागली. साथ गावठाणाच्या वेशीवरनं फिरून गेली.

त्या चातुर्मासात पोथी संपली नाही. अर्जुनराव रोज दहाच ओव्या वाचायचे आणि चष्मा काढून विचारायचे, "बोला, यातलं उद्या काय करायचं?"

तर मंडळी, देवाचं नाव घेणं सोपं आहे. त्याचं ऐकणं अवघड. पोथीला हार घातला म्हणजे पोथी पाळली असं होत नाही. श्रद्धा डोळे मिटून नाही, कान उघडे ठेवून करायची. आणि घरात आज्ञा सोडण्याआधी आपण स्वतः कुणाची पाळतो, तेही बघायचं!

चिमाजीचं पान अर्जुनरावांनी फेकलं नाही. ते अजून त्या लाल फडक्यात आहे. तुमच्या घरच्या पोथीतही असं एखादं पान असेल. हळू वाचून बघा. कदाचित त्यावर तुमचंच नाव असेल!