चार रिमोट, दोन घरं

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो. टीव्हीचा नव्हे, खेळाचा. तुम्ही मला कंट्रोलर म्हणाल, पण आमच्या घरी त्या नावाने मला कोणी ओळखलं नाही, म्हणून मीही स्वतःला रिमोटच म्हणतो. रंग माझा पिवळा. दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या, उजवीकडे चार बटणं, आणि कपाळावर चार बारीक दिवे. खेळाच्या डब्याशी माझी गाठ पडली की त्यातला एक दिवा स्थिर होतो. गाठ पडली नाही, तर चारही दिवे लुकलुकत राहतात आणि थोड्या वेळाने मी आपोआप झोपतो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच संध्याकाळी अशा लुकलुकण्यातच गेल्या.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर एका मुलीने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला पुढे ढकललं. तिचा चेहराही मला नीट दिसला नाही. पुढे खोक्याचा अंधार, प्रवास, आणि वाशीतलं एक दुकान. तिथून मला हरेशकाकांनी उचललं आणि दिघ्याच्या घरी आणलं.

त्या घरात दोन भाऊ राहायचे. थोरले हिरामण, त्यांचा रेती-विटांचा धंदा. धाकटे हरेश, एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला. चूल एक, देव्हारा एक. हिरामणांची मुलगी मनस्वी तेव्हा पाचवीत होती. हरेशकाकांच्या पत्नी सुचिताकाकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. मनस्वीची वेणी काकूंनी घालायची, शाळेचा डबा काकूंनी भरायचा, ताप आला तर कपाळावरची ओली घडीही काकूंचीच. मनस्वीच्या आईला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट म्हणायच्या, "माझी पोर दोन आयांची हाय."

आम्ही रिमोट चार भावंडं. लाल हिरामणांचा, निळा हरेशकाकांचा, हिरवा मनस्वीचा आणि मी सुचिताकाकूंचा. मनस्वीच्या आईला पडद्यावर काही हललं की चक्कर यायची, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारात पाठमोऱ्या बसून नुसतं ऐकायच्या आणि हसायच्या.

खेळाचं नाव 'हुल्लड'. हिरामणांचं अस्वल, हरेशकाकांचा भोपळा, मनस्वीचा बेडूक आणि काकूंचं बदक. त्यात खेळायचे प्रकार बरेच होते. पहिला म्हणजे सगळे विरुद्ध सगळे. एका तराफ्यावर चौघांनी उभं राहायचं आणि एकमेकांना पाण्यात ढकलायचं. शेवटी उरेल तो जिंकला. इतका सोपा खेळ, पण काकूंनी तो पार उलटा करून टाकला.

"काकू, मार की धक्का! बाबा कडेलाच हायेत!" मनस्वी ओरडायची.

"मोठ्या दिरांना धक्का कसा मारू गं? बरं दिसतं का ते?"

"ते बाबा नायत, अस्वल हाय ते!"

"अस्वलाच्या मागं कोन बसलंय ते दिसतंय ना मला."

हे ऐकून हिरामणांना असं हसू फुटायचं, की हातातला लाल रिमोट गदगदायचा आणि त्यांचं अस्वल आपणहून पाण्यात पडायचं. इकडे भोपळा आणि बेडूक एकमेकांना घेऊन बुडायचे. कोपऱ्यात गुपचूप उभं असलेलं बदक तेवढं उरायचं आणि पडद्यावर त्याच्या डोक्यावर मुकुट यायचा.

"बघ दादूस," हरेशकाका थोरल्या भावाला म्हणायचे, "ही बाई हात न लावता सगल्यांना मारते."

दुसरा प्रकार खाण्याचा. वरून केक, पाव, जिलब्या पडायच्या, जो जास्त खाईल तो जिंकला. संकष्टीच्या दिवशी काकूंचं बदक तोंड मिटून उभं. डोक्यावर जिलबी आपटली तरी गिळायचं नाही.

"काकू, खोटी हाय ती जिलबी!"

"खोटी असू दे. बदक माझं हाय ना? मग उपास त्यालापन."

"चंद्र कवा उगवनार त्याचा?" हिरामण विचारायचे आणि पुन्हा हशा.

तिसऱ्या प्रकारात एकाने राक्षस व्हायचं आणि तिघांना पकडायचं. हरेशकाका राक्षस झाले की सोफ्यावरसुद्धा किंचाळ्या. काकूंवर पाळी आली, की त्या आधी मोठ्याने सांगायच्या, "लपा हां, मी येते." असा राक्षस कोणी पाहिला आहे का? आणि शेवटचा प्रकार चौघांनी मिळून खेळायचा. चादरीची चार टोकं चौघांनी धरायची आणि मधोमध ठेवलेलं मोठ्ठं अंडं पुलावरून पलीकडे न्यायचं. एक जरी पुढे पळाला किंवा मागे राहिला, तरी अंडं फुटलं. यात दोघे भाऊ फार भांडायचे, पण ते भांडण वरवरचं. अंडं पलीकडे पोहोचलं की अशी आरोळी उठायची, की शेजारची माणसं दारात येऊन बघायची.

दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि मग एक डाव. एकच. काकू त्याला नेम म्हणायच्या. त्यांच्या बोटांना तुपाचा आणि उदबत्तीचा वास असायचा. मला वाटायचं, रिमोटच्या जातीत माझ्याइतकं भाग्य कोणाला मिळालं नसेल.

मग जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली. रस्त्याकडेचा खालचा गाळा कोणाचा, यावरून दोन भावांत बोलाचाली सुरू झाली. आधी हळू आवाजात, मग दार लावून, मग दार उघडं ठेवून. डाव बंद पडला. आम्ही चौघे टीव्हीखालच्या फळीवर नुसते पडून असायचो. काकू दिवा लावून आमच्याकडे एकदा बघायच्या आणि आत जायच्या.

शेवटी वाटणी ठरली. भावांचे मामा, नंदकिशोर, मध्ये बसले. त्यांनी भांडी वाटली, पंखे वाटले, खुर्च्या वाटल्या. मग त्यांची नजर आमच्यावर आली.

"ह्यो काय परकार हाय?"

"खेल हाय मामा, पोरीचा," हिरामण म्हणाले.

"आनला कोनी?"

"मी आनला," हरेशकाका म्हणाले.

मामांनी क्षणभर विचार केला. "मग असं करा. डबा थोरल्याला, टीव्ही धाकट्याला. रिमोट चार हायत, दोन-दोन. कोनाला कमी नाय, कोनाला जास्त नाय."

"मामाआजोबा, असं नाय चालत ते!" मनस्वी रडकुंडीला आली. "डब्याबिगर रिमोट काय कामाचा? आनि चौघांच्या डावाला चार लागतात!"

"गप गं. मोठी मानसं बोलतात तवा मधी बोलू नये."

मित्रांनो, मामा वाईट नव्हते. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणावर अन्याय केला नव्हता, आणि त्या दिवशीही त्यांनी अगदी न्यायानेच वाटलं. लाल आणि हिरवा तिकडे राहिले. निळा आणि मी काकूंच्या पिशवीत गेलो. आमच्यावर साडीचा पदर पसरला होता. तो ओला होता.

हरेशकाका आणि काकू जुईनगरला राहायला गेले. तिथला फ्लॅट लहान पण नीटनेटका होता. हरेशकाकांनी निळ्याला खणात टाकलं. काकूंनी त्याला बाहेर काढलं आणि माझ्याशेजारी ठेवलं. दोन घरांतलं येणं-जाणं थांबलं होतं. मनस्वीला तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, "तिकडं पाय ठेवायचा नाय." तरी काकूंचा नेम चालूच. दिवा लावायचा, हात जोडायचे, आम्हा दोघांवरची धूळ पुसायची, चार्जिंगला लावायचं आणि मग मला हातात घेऊन मधलं बटण दाबायचं. माझे चारही दिवे लुकलुकायचे. मी डबा शोधायचो. डबा होता दिघ्याला. मी तरी काय करणार? काकू दिवे विझेपर्यंत बघत बसायच्या.

"कशाला त्या डबड्याला रोज चारतेस?" हरेशकाका एकदा म्हणाले.

"राहू द्या. पोर कधी आली तर बंद नको सापडायला."

हरेशकाकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

असं करता करता मनस्वी नववीत गेली, हे काकूंना दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला काकूंनी सुरी, विळी, शिवणाचं मशीन पुजलं, तेव्हा पाटावर आम्हालाही बसवलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. थोडं कुंकू माझ्या बटणाच्या फटीत गेलं, ते बटण अजून जरा कुरकुरतं.

त्याच दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर मनस्वी. उंच झालेली, वेणी स्वतःची स्वतः घातलेली, पाठीवर दप्तर.

"सोनं द्यायला आले, काकू." तिच्या मुठीत आपट्याची पानं होती. "बाबांना सांगितलं सोनं द्यायला जाते. कोनाला ते नाय सांगितलं."

काकूंनी तिला जवळ घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "जेवलीस का?"

मनस्वीने दप्तर उघडलं. आत खेळाचा डबा होता, लाल होता, हिरवा होता. मित्रांनो, माझ्या कपाळावरचा एक दिवा जेव्हा स्थिर झाला, तेव्हाचं मला सांगता येणार नाही. चौघांचा डाव चार रिमोटशिवाय उघडत नाही, म्हणून मनस्वीने लाल आणि हिरवा दोन्ही धरले, काकूंनी मला आणि निळ्याला. दोन माणसं आणि चार पात्रं! अंडं चार पावलंसुद्धा जाईना. काकूंचं बदक पुढे गेलं की भोपळा मागेच उभा. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

हरेशकाका बाजारातून आले ते दारातच थबकले. चपला पायातच होत्या. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"अगं, भोपल्याला मागं का ठेवतेस?" ते म्हणाले.

"दोन हातांनी किती करू?" काकू म्हणाल्या. "घ्या तुमी."

त्यांनी निळा घेतला. चपला काढायच्या राहूनच गेल्या. पुलाच्या मध्यापर्यंत अंडं गेलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर नाव होतं, 'दादूस'. खोलीतलं सगळं थांबलं, फक्त खेळातलं वेडं संगीत वाजत राहिलं.

"मनस्वी तिकडं हाय?" हिरामणांचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"हाय."

हरेशकाकांनी मनस्वीकडे पाहिलं.

"जेवून येल," हरेशकाका म्हणाले.

"मी न्यायला येतू," आणि फोन बंद.

हिरामण आले, पण वर आले नाहीत. खालून मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. हरेशकाका खिडकीपर्यंत गेले आणि पडद्याआडूनच परत फिरले. मनस्वीने डबा दप्तरात भरला. लाल भरला, हिरवा भरला. मग काकूंनी मला आणि निळ्याला उचललं, पदराने पुसलं आणि तिच्या दप्तरात ठेवलं.

"काकू, हे तुमचे हायेत!"

"घेऊन जा. एका जागी असू देत चौघं."

"मग तू संध्याकाळी काय करशील?"

काकूंनी दप्तराची चेन लावली. "दिवा लावीन," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून मी पुन्हा दिघ्याला आहे. चौघं भावंडं एका फळीवर, अगदी पूर्वीसारखी. हिरामणांनी मला पाहिलं त्या संध्याकाळी विचारलं, "ह्यो पिवला हितं कसा?" मनस्वीने सांगितलं. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, बटणात अडकलेलं कुंकू पाहिलं. नखाने काढायला गेले, आणि थांबले. मला जागेवर ठेवलं. कोणाला फोन केला नाही. मला वाटलं, संपलं.

दिवाळीत घरी पाहुणे आले. पोरांनी खेळ लावला, हिरामण कडेला पेपर वाचत बसले होते. पाहुण्यांच्या एका मुलीने फळीवरून मला उचललं.

"तो ठेव, बाय," हिरामण पेपरातून मान वर न करता म्हणाले. "त्याची मालकीन यायची हाय."

मनस्वीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पेपराचं पान उलटलं. काकू अजून आलेल्या नाहीत.

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. खरं तर मला हात नाहीत, पण इतकी वर्षं हातांतच काढली आहेत. तुमच्या घरी चौघांनी मिळून खेळायचा एखादा खेळ धूळ खात पडला असेल, तर तो जरूर पुसा, चार्ज करा. पण तेवढ्यावर थांबू नका. तो ज्यांच्याबरोबर खेळायचात, त्यांच्यातलं कोण येईनासं झालं आहे ते आठवा. मोठी माणसं खाली उभी राहून हॉर्न वाजवतात, पण जिना चढत नाहीत. तो जिना तुम्हीच चढायचा आहे, बाळांनो. आणि फार उशीर करू नका. आमची बटणं तशी टिकाऊ असतात, पण ज्यांच्या अंगठ्यांची त्यांना सवय झालेली असते, ती माणसं हळूहळू म्हातारी होत असतात.