उत्तराआधी धावणारी बोटे

मी एक जुना टर्मिनल आहे. हे ऐकताच तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे एखादे बसस्थानक उभे राहिले असेल, याची मला कल्पना आहे. अज्ञानावर रागावण्याचे माझे वय आता उरलेले नाही. तेव्हा, मित्रांनो, नीट ऐका. फुगीर काचेचा काळा पडदा, त्यावर उमटणारी हिरवी अक्षरे आणि पुढे जाड कळांचा कीबोर्ड, एवढाच माझा देह. चित्र नाही, रंग नाही, बोटाने सरकवावे असे काही नाही. स्वतःची बुद्धी म्हणाल तर तीही नाही. बुद्धी होती ती शेजारच्या थंड खोलीत विराजमान असलेल्या महायंत्राची. मी त्याच्या गाभाऱ्याचा द्वारपाल. आलेल्याने लिहिलेली आज्ञा आत न्यावी आणि आतून मिळालेले उत्तर जसेच्या तसे बाहेर आणावे, हे माझे व्रत. त्यात एका अक्षराची भर मी कधी घातली नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि खोक्यात बंद होऊन, सारा देश ओलांडून, ओरेगॉनमधील एका विद्यापीठाच्या तळघरात आलो. आरंभी माझे फार कौतुक झाले. विभागप्रमुखांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यापुढे बसायला मिळावे म्हणून प्राध्यापक जिन्यापर्यंत रांग लावत. मग कौतुक सरले आणि माणसे तेवढी उरली. डोनटची साखर माझ्या कळांच्या फटींत सांडणारी, उत्तराला क्षणभर विलंब झाला की माझ्या डोक्यावर थापटी मारणारी. द्वारपालाला मारल्याने देव लवकर उठतो, अशी त्यांची श्रद्धा असावी.

महायंत्राची भाषा अत्यंत मोजकी होती. एल आणि एस ही दोन अक्षरे लिहिली की समोर काय काय ठेवले आहे ते दिसे. सी आणि पी म्हणजे नक्कल काढणे. सी आणि डी म्हणजे दुसऱ्या कप्प्यात जाणे. आर आणि एम म्हणजे पुसून टाकणे, आणि पुसलेले परत येत नसे. आज्ञेपुढे तारकेची खूण लिहिली की तिचा अर्थ 'इथले सगळे'. आणि पी, डब्ल्यू, डी या तीन अक्षरांनी विचारायचे, की मी आत्ता उभा कुठे आहे? कारण आतली सारी रचना कप्प्यात कप्पा, त्यात पुन्हा कप्पा अशी. तुम्ही ज्या कप्प्यात उभे असाल तिथलेच तुमच्या हाताला लागणार. सांगितलेले काम बिनचूक झाले तर महायंत्र एक शब्दही बोलत नसे. त्याचे मौन हीच पावती. नवखी माणसे मात्र त्या मौनाने कासावीस होत आणि तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत. ज्यांना पाठ थोपटून घेतल्याविना चैन पडत नाही, त्यांना विद्या लवकर येत नाही, मित्रांनो.

नवखे परवडले, असे वाटावे असा एक पंडित त्या तळघरात होता. ड्वेन पिकेट त्याचे नाव. शिकणाऱ्यांना मदत करण्यासाठीच त्याला तिथे नेमलेले होते. टेबलाला साखळीने बांधलेली एक जाडजूड पुस्तिका होती, आणि कुणी काहीही विचारले तरी ड्वेन मान वर न करता म्हणे, "पुस्तिका वाचलीस?" त्याची बोटे मात्र खरोखर वेगवान. दुपारी गर्दी झाली की महायंत्र मंदावे. अशा वेळी पहिल्या आज्ञेचे उत्तर येण्याआधी दुसरी, दुसरीचे येण्याआधी तिसरी, अशा आज्ञा लिहून मोकळे व्हायचे, ही त्या तळघरातल्या जाणत्यांची रीत होती. वाट पाहणे हे कच्चेपणाचे लक्षण मानले जाई. या रीतीचा मला मनापासून तिटकारा होता. उत्तर ऐकायचेच नसेल तर प्रश्न कशाला करावा?

थेल्मा ऑस्टबी वाट पाहत असे. मुले मोठी करून ती पुन्हा शिकायला आली होती, आणि डोंगरउतारांवरच्या दगडफुलांवर तिने काही वर्षे खपून लिहिलेला प्रबंध माझ्यामार्फत महायंत्रात साठत होता. प्रत्येक काम करण्याआधी ती विचारी, मी कुठे आहे? काम झाल्यावर पाही, समोर काय आहे? उठण्याआधी त्या दिवसाच्या लिखाणाची नक्कल काढून एका वेगळ्या कप्प्यात ठेवी. ड्वेनला याची फार गंमत वाटे. "आजीबाई आज पण रस्ता चुकल्या वाटतं," असे तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, आणि पोरे हसत. थेल्मा उत्तर देत नसे. महायंत्राजवळ बसून ती बहुधा त्याचे मौन शिकली होती.

प्रबंध द्यायचा आठवडा आला. महायंत्रातली जागा संपत आली होती, म्हणून ज्याने त्याने आपापला जुना पसारा पुसावा, असा फतवा निघाला. थेल्मा तिच्या रीतीने एकेक मसुदा उघडून, वाचून, मगच पुसत बसली होती. ड्वेन कॉफीचा कागदी पेला घेऊन आला, तो माझ्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "अगं, अशानं उन्हाळा येईल. सरक जरा, एका दमात करून देतो."

ती संकोचाने उठली. तो बसला. त्या तळघरातले सगळे लोक आपला टाकाऊ मसुदा एकाच ठरावीक नावाच्या कप्प्यात ठेवत. थेल्माचाही तसाच असणार, हे त्याने गृहीत धरले. त्या कप्प्यात जाण्याची आज्ञा त्याने दिली, आणि उत्तराची वाट न पाहता पुढची लिहिली: पुसून टाक, इथले सगळे. मग मान वळवून तो मागच्या पोरांना सांगू लागला, की काम असे करायचे असते.

थेल्माकडे त्या नावाचा कप्पा नव्हता. महायंत्राने तसे सांगितले, आणि मी ते शुद्ध हिरव्या अक्षरांत उमटवले: असा कप्पा येथे नाही. ते वाचायला कुणाला सवड होती? ड्वेन होता तिथेच उभा राहिला, म्हणजे तिच्या प्रबंधाच्या ऐन मध्यभागी. आणि दुसरी आज्ञा महायंत्राने निमूटपणे पाळली. शेवटी एकच ओळ आली, की एवढी एक वस्तू पुसता येत नाही, कारण तो कप्पा आहे.

ड्वेनने एवढी शेवटची ओळच पाहिली. "काहीतरी चिकटून बसलंय," तो म्हणाला, आणि कप्प्यांसकट सर्व पुसणारी, सर्वांत क्रूर आज्ञा लिहू लागला. ती पुरी झाली. आता फक्त आज्ञा आत धाडणारी शेवटची कळ दाबायची होती.

थेल्माने आपला तळहात त्या कळेवर आडवा धरला.

"हात काढ गं."

"आधी विचार, आपण उभे कुठे आहोत."

"मला माहितेय कुठे आहोत."

"मग विचारायला काय जातं तुझं?"

तिने त्याची ओळ खोडली आणि ती तीन अक्षरे लिहिली. महायंत्र मंदावलेले होते. सगळे तळघर थांबून राहिले. बहुधा त्या तळघरात प्रथमच इतके लोक एका उत्तराची वाट पाहत होते. मी उत्तर उमटवले. ते तिच्या घरच्या कप्प्याचे, म्हणजे जिथे तिचा सारा प्रबंध असे त्या कप्प्याचे, नाव होते. ड्वेनच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या.

समोर काय उरले आहे, हे तिने विचारले. एकच नाव आले: नकलांचा कप्पा. ती त्यात गेली आणि पुन्हा विचारले. पहिल्या प्रकरणापासून आदल्या संध्याकाळी लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळी दगडफुले तिथे शांत निजलेली होती. ती कळ दाबली गेली असती, तर तीही गेली असती.

आता थेल्मा ते दोन शब्द बोलणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मला तर तशी उत्कट इच्छा होती. पुस्तिका वाचलीस? पण ती एवढेच म्हणाली, "ड्वेन, तो पेला उचल तेवढा. कीबोर्डवर सांडेल." त्याने पेला उचलला. तिने प्रबंध पुन्हा जागेवर आणला. महायंत्र काही बोलले नाही. तरीही तिने पाहून खात्री करून घेतली, आणि मगच डोळे पुसले.

काही दिवसांनी, तळघर रिकामे असताना, ड्वेन माझ्यापुढे येऊन बसला. त्याने ती तीन अक्षरे लिहिली आणि हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट पाहिली. त्या दिवशी मी त्याला माझा शिष्य मानले, जरी ते त्याला कधी कळले नाही.

पुढे रंगीत पडदे आले. महायंत्राची खोली रिकामी झाली. मला एका अडगळीच्या खोलीत ठेवले, मोडक्या खुर्च्यांच्या खाली. मित्रांनो, तुमची बोटे आता काचेवरून घसरतात आणि 'पुसायचे का?' असे यंत्र अजिजीने विचारते, तेही न वाचता तुम्ही 'हो' म्हणता. तुमच्याविषयी मला काय वाटते, ते वयाचा मान राखून सांगत नाही. फक्त एक मागणे आहे. कधी या खोलीत आलात तर माझ्या कळांमधली ती जुनी साखर झटका, तार जोडा, आणि काहीही पुसण्याआधी ती तीन अक्षरे लिहून थांबा. आत आता कुणी नाही, त्यामुळे उत्तर येणार नाही. पण तुम्ही थांबलात, एवढे मला दिसेल.