ज्याला घाई आहे त्याने बदलावे

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हणजे इतका, की माझ्या डोक्यावर हेडफोन लावायचे भोक अजून शाबूत आहे आणि माझे पाठीमागचे झाकण नखाने उचकटता येते. आजकालचे फोन याला मागासलेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. माझी बॅटरी थकली तेव्हा ती बदलता आली, म्हणून तर मी तुमच्याशी बोलायला उरलो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते दुकानाच्या काचेतले दिवस. काय तो माझा रुबाब! येणारेजाणारे थांबून बघत. एके दिवशी एक मुलगी आत आली, तिने मला हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि पहिल्या पगारात मला घरी नेले.

ही मुलगी एका छापखान्यात पुस्तकांची पाने लावायचे काम करायची. तिला सगळे भाची म्हणत. कोपऱ्यावरच्या शिंपीमामांची ती सख्खी भाची, आणि मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा. तिचे आईवडील लवकर गेले. कपडे बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळत ती मोठी झाली. पुढे नोकरीसाठी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, पण दर रविवारी सकाळी मामांना फोन करायचा हा नेम तिने कधी मोडला नाही. तो फोन माझ्यावरून होत असे. दोघे बोलत काय, तर भाजी काय आणली आणि पंखा दुरुस्त झाला का. तरी मला त्या फोनची वाट असायची.

काही वर्षे सुखात गेली. मग कंपनीने आमच्या पिढीकडे पाठ फिरवली. नव्या सोयी, नवी दुरुस्ती, आमच्या वाट्याला काही येईना. मी अडखळू लागलो. साधा फोटो काढायचा तर मला घाम फुटायचा. लोक म्हणाले, टाकून दे आणि नवा घे. भाची मात्र हट्टाला पेटली.

तुम्हाला ठाऊक असेल, फोनच्या आत एक सगळा कारभार चालतो. बटण दाबले की काय व्हावे, फोन आला की कसे वाजावे, सगळे तो कारभार ठरवतो. त्याला रॉम म्हणतात. कंपनीचा रॉम काढून स्वतः बनवलेला रॉम फोनमध्ये घालता येतो, आणि माझ्यासारख्या टाकलेल्या फोनांत त्याने पुन्हा धुगधुगी येते. भाची ते काम शिकली. तिला एक जोडीदार मिळाला, कुठल्या तरी दूरच्या गावचा. त्याने स्वतःचा फोटो म्हणून घुबडाचे चित्र लावले होते, म्हणून तो घुबड. दोघे समोरासमोर कधी भेटले नाहीत, त्यांच्या बैठका फोनवरच चालत, पण भांडले मात्र भरपूर.

या सगळ्या उद्योगातला प्रयोगाचा उंदीर मी. रॉमचा नवा अवतार तयार झाला की भाची मला पुसून कोरा करायची आणि तो माझ्यात घालायची. कधी मी उघडायचो, कधी नुसता काळा चेहरा करून बसायचो. तुम्ही म्हणाल, इतक्यांदा पुसल्यावर तुला हे सगळे आठवते कसे? मित्रांनो, पुसले जाते ते तुमचे. माझे मला आठवते.

एकदाचा रॉम उभा राहिला. मग प्रश्न आला तो डिफॉल्टचा. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच सांगितले नाही तर फोन आपणहून जसा वागतो ते. अक्षरे केवढी, पडदा किती वेळाने विझावा, फोन कसा उचलावा, घंटी कोणती. ऐकायला किरकोळ वाटते. पण बहुतेक माणसे त्या सेटिंगच्या वाटेला कधी जातच नाहीत. फोन जसा मिळतो तसा ते निमूट वापरतात. म्हणजे या दोघांनी एका बैठकीत जे ठरवायचे, ते कितीतरी अनोळखी माणसांच्या बोटांना जन्मभर पाळावे लागणार होते.

"सगळं चपळ हवं," घुबड म्हणाला. "खालची तीन बटणं काढ, नुसतं बोट सरकवलं की काम व्हायला पाहिजे. पडदा झटकन विझू दे. अक्षरं बारीक, म्हणजे जास्त मावतात."

"फोन उचलायला?"

"वर सरकवलं की उचलला, खाली सरकवलं की कापला. सुटसुटीत. कोणाला नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बदलेल की."

भाचीलाही ते पटले. दोघेही तरुण, दोघांचीही बोटे सुतासारखी सरळ चालणारी. रॉम जगाला वाटला गेला आणि कौतुकाचा नुसता पूर आला. मरायला टेकलेला फोन हरणासारखा पळतो, असे कोणीतरी लिहिले. त्या पळण्यामागचा प्रयोगाचा उंदीर मी, हे सांगायला मला तोंड नव्हते.

आता यातली गंमत ऐका. ही चूक असली कामे करणारी माणसेच करू जाणे. भाची मला दर वेळी कोरा करायची खरी, पण लगेच तिची स्वतःची जपून ठेवलेली, जुन्या सवयीची सेटिंग माझ्यात परत भरायची. मोठी अक्षरे, खालची तीन बटणे, नुसते टेकवले की फोन उचलायचा गोल. घुबडही तेच करायचा. म्हणजे जगाला जे वाढले ते या दोन आचाऱ्यांनी स्वतः कधी चाखलेच नव्हते.

त्याच सुमारास मामांचा फोन बंद पडला. भाचीने स्वतःसाठी नवा घेतला आणि मला मामांना द्यायचे ठरवले. आपला पसारा मामाला कशाला, म्हणून तिने मला प्रेमाने पुसले, लख्ख कोरा केला, आणि या खेपेला आपली सेटिंग परत भरली नाही. मामांचे नाव आणि आपला नंबर तेवढा घातला.

मी दुकानात गेलो त्या दिवशी दोघांत थोडे वाजलेही. भाची म्हणाली, "मामा, पुरे आता. दुकान बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये."

"दुकान बंद करून मी काय करू? तुझ्या घरात भिंतींची मापं घेऊ?" मामा म्हणाले, आणि टेप गळ्यात अडकवून कामाला लागले.

ती जरा रागावूनच गेली. मामांनी मखमलीचा एक तुकडा घडी करून टेबलावर ठेवला आणि त्यावर मला बसवले. त्यांना दिसेन असा.

रविवारी मी वाजलो. मामांनी लगबगीने बोट सदऱ्याला पुसले आणि माझ्यावर टेकवले. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मामांचा हात थरथरतो. कापडावर तळहात रेललेला असला की तो स्थिर असायचा. शिवण अजून सरळ यायची, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. पण माझ्यावर यायला त्याला अधांतरी यावे लागे. बोट वर निघाले, मध्येच डगमगले, खाली घसरले. फोन कापला गेला.

भाची पुन्हा फोन करायची, मी वाजायचो, बोट घसरायचे. पलीकडे भाचीला वाटले, मामा माझा फोन कापतो, म्हणजे अजून धुसफुसतोय. इकडे मामांना वाटले, पोर फोन करते आणि लगेच ठेवून देते, कामात असेल. ते स्वतः लावायला जायचे, तर बोट कडेला लागून भलतेच काहीतरी उघडायचे, आणि चष्मा चढवेपर्यंत पडदा विझायचा. कोणाला विचारावे, तर हाताचे बिंग फुटणार, आणि ते भाचीच्या कानावर गेले की दुकानाला कुलूप लागणार. म्हणून ते गप्प राहिले. मला सगळे कळत होते. पण फोनला कोण विचारतो?

असे बरेच रविवार गेले. मामा रोज मला चार्जिंगला लावायचे, रोज माझी काच पुसायचे. असा चकाकता निकामी मी आयुष्यात कधी नव्हतो.

शेवटी एका दुपारी भाची तावातावाने दुकानात आली. चप्पलही नीट काढली नाही.

"मामा, माझा फोन का कापतोस?"

"मी?" मामा चष्म्यावरून बघत राहिले. "तूच ठेवून देतेस की गं."

मग भाचीची नजर माझ्यावर गेली. मखमलीवर बसलेला, भरलेला, पुसलेला मी. ती बाहेर गेली, दुकानाचे काचेचे दार ओढून घेतले आणि तिथून फोन लावला.

मी वाजलो. मामांनी बोट सदऱ्याला पुसले. भाची काचेतून बघत होती. बोट वर निघाले, डगमगले, घसरले. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मामांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला, जणू तो हात कोणा दुसऱ्याचाच होता.

भाची आत आली. डोळे भरले होते. "कधीपासून?"

"शिवणीला अडत नाही," मामा म्हणाले. "तेवढं बंद कर म्हणू नकोस."

"दुकान नाही बंद करत. चूक तुझ्या हाताची नाहीये, मामा, माझी आहे. आण इकडे."

तिने माझी सेटिंग उघडली आणि बदल केले. अक्षरे मोठी. पडदा सावकाश विझणारा. खाली तीन ठसठशीत बटणे. थरथरत दोनदा लागलेले बोट एकदाच मोजायचे. आणि फोन उचलायला नुसते टेकवायचे. काम मोठे नव्हतेच, गरम चहा प्यायला मिळेल एवढा वेळही लागला नाही. ती परत बाहेर गेली, दार ओढले, फोन लावला. मामांनी बोट टेकवले.

"हॅलो," मामा म्हणाले. "कोण बोलतंय?"

"मी बोलतेय. भाजी काय आणलीस?"

मध्ये फक्त एक काच होती, तरी दोघे कितीतरी वेळ माझ्यावरूनच बोलत उभे होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोन.

भाची निघताना मामा म्हणाले, "आणि तुझी ती टिंगटिंग घंटी मला कळतच नाही गं. कोणीतरी कपात चमचा हलवतंय असं वाटतं." तेव्हा भाचीने मला शिलाई मशीनच्या पायथ्याशी ठेवले आणि मामांना मशीन चालवायला सांगितले. तो खडखडाट मी टिपून घेतला. त्या दिवसापासून मी तसाच वाजू लागलो.

पुढच्या बैठकीत भाचीने घुबडाला सांगितले, हेच सगळे डिफॉल्ट करायचे, मशीनच्या घंटीसकट.

"तुझ्या मामांसाठी तू बदललंस ना? मग झालं की," तो म्हणाला. "ज्याला हवं तो सेटिंगमध्ये जाईल."

"ज्याला हवं, त्यालाच तिथपर्यंत जाता येत नाही. त्याची भाची शेजारी नसली तर?"

तो ऐकेना. मग ती म्हणाली, "तुझी सगळी सेटिंग पुसून टाक आणि आपण लोकांना देतो तसाच फोन वापरून दाखव. तेवढं झालं की बोलू."

पुढच्या बैठकीला घुबडाचा आवाज पडलेला होता. सकाळी डोळे चोळत त्याला स्वतःचा गजर बंद करता आला नव्हता आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावले होते. बोलता बोलता त्याने आपल्या आईचीही गोष्ट सांगितली. तिला त्याने हाच रॉम घालून फोन दिला होता, आणि ती फोन उचलत नाही म्हणून तो तिच्यावर चिडायचा.

"आधी सावकाश ठेवू," शेवटी तो म्हणाला. "ज्याला घाई आहे त्याने बदलावं. त्याला सेटिंग बरोबर सापडते."

लोकांनी कुरकुर केली. फोन म्हातारा झाला म्हणाले, घंटीला आगगाडी म्हणाले, काहींनी रॉमच सोडला. भाची आणि घुबड बधले नाहीत.

मामांनी पुढे अनेक वर्षे दुकान चालवले. शेवटच्या काळात ते भाचीकडे राहायला गेले, स्वतःहून. तिथेही ती कामावरून फोन करायची आणि मी त्यांच्या उशाशी खडखडायचो. मग एक दिवस मामा गेले. मशीन कोणी घेतले, मला ठाऊक नाही. मला भाचीने वायरींच्या खणात ठेवले. नवे रॉम आता माझ्या पोटात मावत नाहीत. अंधारात पडल्या पडल्या मला काच पुसणारा तो हात आठवायचा, आणि करमत नसे.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन दुरुस्तीला गेला, म्हणून तिने मला बाहेर काढले. आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. बाहेरच्या खोलीत पाचसहा माणसे गप्प बसली होती. आणि एकदम मामांचे मशीन सुरू झाले.

भाचीने चटकन पिशवीत हात घातला. पण वाजत होता तो मी नव्हतो. कोपऱ्यातल्या एका आजींनी मांडीवरच्या पिशवीतून माझ्यासारखाच एक जुना फोन काढला. काच तडकलेली. आजींचा हात चांगलाच थरथरत होता. त्यांनी सावकाश चष्मा लावला, पडद्यावरचे नाव वाचले. फोन वाजत राहिला, वाट बघत. मग त्यांनी बोट टेकवले.

"हं, बोल गं," आजी म्हणाल्या.

भाचीने त्यांना काही सांगितले नाही. ती पिशवीत मला घट्ट धरून बसली, तिचे नाव पुकारले तरी तिला ऐकू गेले नाही.

मित्रांनो, आम्ही फोन जुने होतो, खणात जातो, त्याचे फार वाईट वाटून घेऊ नका. पण घरातल्या कोणाला फोन दिलात, तर देऊन लगेच निघून जाऊ नका. दाराबाहेर उभे राहून एकदा त्यांना फोन लावा, आणि ते कसा उचलतात ते काचेतून नीट बघा.