देव्हाऱ्यातला चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. जुना आहे याचा मला फार आनंद आहे, कारण आयुष्याची सुरुवातीची बरीच वर्षं मी नुसता नवा होतो. नवं असण्यात काय त्रास असतो, ते फडक्यात गुंडाळून ठेवलेल्यालाच कळतं.

माझं पातं एका लोहाराने घडवलं. त्याने धार लावायला मला फिरत्या चाकावर धरलं तेव्हा ठिणग्या उडाल्या. त्यावरून माझी अशी समजूत झाली की आपलं पुढचं सगळं आयुष्य असंच धामधुमीत जाणार. मग मला शिसवीची मूठ बसवली. ज्या झाडाची ती मूठ, ते झाड जन्मभर एका जागी उभं राहिलं होतं. त्यामुळे मुठीला थांबायची सवय होती. मला नव्हती. यावरून आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, आणि गंमत म्हणजे मिटल्यावर मला तिच्याच पोटात राहावं लागतं.

तिथून मी धुळ्याला आलो. आग्रा रोडवर माणकचंद सेठजींचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. बिजागऱ्या आणि उंदरांचे सापळे यांच्या मधे मला जागा मिळाली. माणकचंद सेठजी सभ्य गृहस्थ होते. फक्त दुकानात आलेल्या पार्सलची सुतळी ते दाताने तोडत. दुकानामागेच घर होतं. तिथून त्यांच्या पत्नी लाडकुंवर एक दिवस म्हणाल्या, “अहो, समोर एवढे चाकू पडलेत. एखादा घ्या की हातात.”

“विकायचा माल आहे तो,” सेठजी म्हणाले. “वापरला की जुना झाला.”

“आणि दात?”

“दात कुठे विकायचेत?”

 माझी स्प्रिंग आतल्या आत आखडली.

एकोणीसशे सदुसष्ट सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाधर नावाचे शेतकरी दुकानात आले. एदलाबादजवळच्या एका गावात त्यांची केळीची बाग होती. आज त्या एदलाबादला मुक्ताईनगर म्हणतात. ते धुळ्याला नातेवाइकांकडे सण करायला आले होते.

“काय दाखवू पाटील?”

“चाकू दाखवा, सेठ. बागात लागतो. दोर कापाले, घड कापून पाहाले.”

सेठजींनी मला उघडलं. टक् असा आवाज झाला. तो माझा पहिला शब्द. धार दाखवायला त्यांनी कागद पुढे केला, तर लीलाधर एकदम ओरडले, “कापू नका, कापू नका! नवा हाये ना तो!”

माणकचंद सेठजींनी त्यांच्याकडे अशा प्रेमाने पाहिलं, जणू पूर्वी हरवलेला भाऊ भेटला. त्यांनी मला मिटलं, कागदात गुंडाळलं आणि सुतळी दाताने तोडली.

इथे केळीच्या चिकाविषयी सांगायला हवं. हिरव्या केळीला कुठेही कापलं की पाण्यासारखा चीक येतो. दिसायला निरुपद्रवी असतो, पण वाळला की काळा पडतो आणि त्याचा डाग कशानेही जात नाही. म्हणून लीलाधरांच्या गावात बागेत जाताना सगळे जुने कपडे घालतात, जुनी टोपी घालतात आणि जुनी अवजारं नेतात. नवी वस्तू बागेत न्यायची नाही, असा नियमच. ती थोडी जुनी झाली की मग न्यायची. आता तुम्हीच सांगा, बागेत गेल्याशिवाय मी जुना कसा होणार? हा प्रश्न मी एसटीत बसल्यापासून सोडवत होतो. मूठ म्हणाली, झोप.

घरी लीलाधरांच्या पत्नी कुंदाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं, आणि मला कळलं की माझं माणूस हेच. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. बागेतली वाळली पानं त्या ज्या विळ्याने कापत, त्याची मूठ सैल होती. तो हातात फिरे आणि पानाऐवजी अंगठा कापे. चिंधी बदलली जायची, विळा तोच.

“आणा इकडे,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून हाच नेते.”

एवढ्यात लीलाधरांची आई, तानुबाई, चुलीपासून उठून आल्या. घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि बऱ्याचदा पहिलाही. त्यांनी मला तळहातावर घेतलं.

“याची पूजा झाली का?”

“माय, आताच तं आणला.”

“नवं हत्यार पूजेबिगर वापरतं का कोणी? कवा व्हता दसरा?”

“परवा,” लीलाधर खाली मान घालून म्हणाले.

“मंग आता पुढच्या दसऱ्याले.”

मित्रांनो, अशा रीतीने दोन दिवसांच्या उशिरासाठी मला एक वर्ष शिक्षा झाली. मी पत्र्याच्या पेटीत, लीलाधरांच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात जाऊन पडलो. कोटही नवाच होता. तो लग्नानंतर कोणी घातलाच नव्हता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटे. बाहेर वांग्यांना चिरा पडत, दातणाच्या काड्या तुटत, सुतळ्या दातांनी चावल्या जात, आणि ते सगळे आवाज पत्र्यातून मला ऐकू येत. मी आतून उघडायचा प्रयत्न करी. पण घडीच्या चाकूला स्वतःहून उघडता येत नाही. ही आमच्यातली मोठीच उणीव आहे.

शेवटी दसरा आला. नांगर, कुळव, कोयता, तो बदमाश विळा, सगळे धुऊन अंगणात मांडले. मला मधोमध ठेवलं. हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं. बस, उद्यापासून बाग, असं मी मुठीला म्हणतही होतो. तेवढ्यात तानुबाईंनी मला उचललं आणि नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं.

कुंदाबाई धावत आत आल्या. “आत्याबाई, हे काय? आता तं पूजा झाली!”

“झाली म्हणूनच. पुजलेल्या हत्यारानं काय कांदे कापते? पाप लागीन.”

“नांगर बी पुजला आज. तो उद्या शेतात चालला ना? त्याले बी ठेवा देव्हाऱ्यात!”

तानुबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, अंगणातल्या नांगराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “नांगर मावत नही.”

  नांगर मावत नव्हता म्हणून तो शेतावर जाणार होता, आणि मी मावत होतो म्हणून देव झालो.

देव होण्यात सुरुवातीला थोडी मजा आली. रोज गुळाचा खडा समोर येई. गल्लीतल्या लोटनची गाय हरवली होती. तो देव्हाऱ्यापुढे हात जोडून गेला आणि दारात गाय उभी. ती रोज त्याच वेळी घरी येत असे, पण लोटनने श्रेय मला दिलं आणि नारळ आणला. नारळाच्या पुडीची गाठ सुटेना, म्हणून त्याने ती माझ्या देखत दाताने तोडली. मी कुंकवाखाली लाल झालो.

पण गंमत किती दिवस चालणार? रोज ओलं बोट, हळद, कुंकू, वर फुलाचं पाणी. ते सगळं हळूहळू माझ्या सांध्यात उतरू लागलं. आतून गंजाची एक बारीक चव येऊ लागली. दसरे येत गेले, कुंकवावर कुंकू चढत गेलं, आणि मला एकच धास्ती लागून राहिली. आता कोणी उघडलं नाही, तर पुढे कोणी उघडू म्हटलं तरी मी उघडणार नाही. एकही गोष्ट न कापता मरणारा चाकू. मुठीला मी हे सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा ‘झोप’ म्हणाली नाही.

कुंदाबाईंनी नाद सोडला नव्हता. एकदा तर लीलाधरांना त्यांनी माझ्यापुढेच उभं केलं.

“तुम्ही तं सांगा मायले! बागासाठी आणला ना?”

“आणला खरा,” लीलाधर म्हणाले. त्यांनी मला हळूच उचललं, बाहीने पुसलं. “पण पह्य ना, अजून कसा कोरा हाये. चीक लागला तं काळा पडीन.”

“माह्या अंगठा रोज लाल पडते, त्याचं काही नही?”

लीलाधरांनी मला परत जागेवर ठेवलं. ते वाईट नव्हते. त्या सैल विळ्याची मूठ त्यांनी दोनदा ठोकून दिली होती. त्यांना फक्त कोऱ्या वस्तूची दया येई आणि वापरातल्या माणसाची येत नसे.

मग माघातली मुक्ताबाईची यात्रा आली. तानुबाईंनी नवं लुगडं नेसलं आणि मलाही बरोबर घेतलं, मुक्ताईच्या पायांना लावायला. मी फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी कुंदाबाईंच्या मांडीवर. बैलगाडी निघाली. सकाळचा गार वारा होता, म्हणून तानुबाईंनी पदर डोक्यावरून घेऊन मानेला घट्ट वेढा दिला. पदराचं टोक उरलं, ते गाडीबाहेर लोंबत राहिलं.

उताराला बैलांनी वेग घेतला आणि ते टोक चाकाच्या तुंब्यात, मधल्या जाड गड्ड्यात, सापडलं.

चाक फिरलं तसा पदर गुंडाळत गेला. तानुबाई आधी एका बाजूला झुकल्या, मग त्यांची मान गाडीच्या कडेला टेकली. “लीलाधर!” एवढंच त्या म्हणू शकल्या. लीलाधर कासरे ओढत होते, “हो, हो, थांब!” पण उतार तो उतार. बैल थांबत नव्हते. कुंदाबाईंनी एका हाताने सासूला धरलं आणि पदर ओढून पाहिला. तो निघेना. मग त्यांनी पिशवी उलटी केली.

फडक्यातून मी बाहेर पडलो. त्यांनी नखाने मला उघडायला पाहिलं. मी उघडलो नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण तोच. ज्याची मी सगळं आयुष्य वाट पाहिली ते आलं होतं, आणि माझ्या सांध्यात कुंकू होतं.

“नको!” तानुबाई घुसमटत म्हणाल्या. “पूजेचा हाये तो!”

“चूप बसा, आत्याबाई!”

“लुगडं नवं...”

कुंदाबाईंनी माझं पातं दातांत धरलं आणि मूठ ओढली. माणसाच्या दातांविषयी मी आजवर जे जे वाईट बोललो असेन, ते सगळं मी मागे घेतो. टक्! मी उघडलो. पुढच्या क्षणी मी त्या पदरावर होतो, गळ्यापासून चार बोटांवर. पहिला धागा, दुसरा, मग सगळं कापड एकदम. चर्र!

तानुबाई गाडीत मागे कोसळल्या. बैल उताराच्या तळाशी जाऊन आपले आपण थांबले, जणू त्यांना तिथेच उतरायचं होतं.

  लीलाधरांनी आईला पाणी पाजलं. तानुबाईंनी मान चोळली, फाटलेला पदर पाहिला, चाकाला गुंडाळलेला तुकडा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पात्यावर कुंकवाची खपली आणि लुगड्याचा एक हिरवा धागा होता.

“झालं,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “वापरला गेला. आता वापरलेली वस्तू देव्हाऱ्यात कशी ठेवू?”

 सासूचा विचार बदलायच्या आत कुंदाबाईंनी शिदोरीतली काकडी काढली आणि तिथेच मला चालवलं. मग दुसरी काकडी. मग लीलाधरांनी आणलेला पेरू. कापण्यासारखं गाडीत काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी गरज नसताना पिशवीची लोंबणारी सुतळी कापली. तानुबाईंनी काकडीची फोड खाल्ली आणि म्हणाल्या, “धार बरी हाये.”

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो. पहिल्या घडाला लागताच चीक आला आणि दुपारपर्यंत माझ्या पात्यावर काळा डाग पडला. लीलाधर बांधावर उभे होते. तो डाग त्यांनी बराच वेळ पाहिला. मग कुंदाबाईंच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला चिंधी नव्हती. त्यांनी मला मागून घेतलं आणि स्वतः एक घड तपासला, थोडे घाबरतच, जसं नवं लेकरू पहिल्यांदा हातात घेतात तसं.

त्यानंतर मी काय काय केलं, ते विचारू नका. भरताची वांगी चिरली, बैलाच्या खुरातला काटा काढला, ट्रान्झिस्टरचा स्क्रू पिळला. तो मी पिळायला नको होता. रॉकेलच्या डब्याचं झाकण उघडताना माझं टोक मोडलं. धार लावून लावून आता मी निम्मा उरलो आहे. मूठ चिरली आहे. आता तिलाही थांबायचं नसतं.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर पेट्या उघडा. कोटाच्या खिशात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, फडक्याच्या आत कोणीतरी तुमची वाट पाहत असेल. त्याला बाहेर काढा आणि आधी एक काकडी द्या. वापरून झालं की पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. आमची काळजी म्हणजे एवढीच. आणि रॉकेलच्या डब्याला दुसरं काहीतरी शोधा, हे कुंदाबाईंना कोणी सांगेल तर फार उपकार होतील. मी सांगितलं असतं. पण आत्ता या क्षणी मी त्यांच्या हातात आहे, आणि त्या डब्याकडेच निघाल्या आहेत.