विटांची हौस

नेब्रास्कातल्या व्हर्लिनला ट्रॅक्टरच्या पोलादी शेडची दर्शनी भिंत विटांचीच हवी होती. शेडचा आराखडा करणारी इंजिनिअर मार्गिट त्याच्या स्वयंपाकघरात केकचा दुसरा तुकडा खात समजावत होती, "वाऱ्यात सांगाडा वरच्या टोकाला चार बोटं डुलतो. पत्रा त्याच्याबरोबर वाकतो. वीट वाकत नाही, तडकते."

"माझी शेड डुलणार नाही," व्हर्लिन गुरगुरला.

"सगळ्याच डुलतात, काका. किती डुलू द्यायचं, एवढंच माझ्या हातात."

व्हर्लिनची बायको आर्डिथ कॉफी ओतता ओतता म्हणाली, "पोरी, पत्राच बसव. न वाकता तडकणारी एक वीट या घरात आहे, तेवढी पुरे."

मार्गिटने हसू केकात लपवलं. व्हर्लिनने कप पुढे केला.

"पत्रा विटकरी रंगात तरी मिळतो ना?"